आंबोलीच्या व्हाळातले आणि पाचोळ्यातले लहान जीव : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळ्यात आंबोलीला येणाऱ्या बहुतेकांचे पाय धबधब्यापाशीच थांबतात. थोडेजण मात्र रात्री विजेरी घेऊन व्हाळाच्या कडेने चालतात, आणि परत आल्यावर ते जे प्रश्न विचारतात ते बरेचसे सारखे असतात. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. कोकणात ज्याला व्हाळ किंवा पऱ्या म्हणतात आणि घाटावर ओढा म्हणतात, तो बारका प्रवाह आणि त्याच्या काठची जंगलजमीन एवढाच येथे विषय आहे. गवे, बिबटे आणि पक्षी यांच्याविषयी इतरत्र भरपूर वाचायला मिळते, म्हणून त्यांना येथे जागा दिलेली नाही.

आंबोलीच का?

सह्याद्रीच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंचीवर वसलेल्या या गावात वर्षाला 7,000 मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच पडतो. माथ्यावर जांभ्या दगडाचे उघडे सडे, म्हणजे सपाट कातळपठारे, आहेत आणि त्यांना लागून सदाहरित व निमसदाहरित जंगल आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे तो पाणी पितो आणि पाऊस थांबल्यावरही ते हळूहळू झऱ्यांना देत राहतो. येथे उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेकडे जाते, घटप्रभेला मिळते, तिच्यातून कृष्णेला आणि शेवटी बंगालच्या उपसागराला. कड्यावरून पश्चिमेला कोसळणारे पाणी मात्र थोडक्या अंतरात अरबी समुद्र गाठते. ज्यांना कोरडा डोंगरमाथा ओलांडता येत नाही अशा लहान जीवांसाठी शेजारशेजारचे दोन व्हाळ म्हणजे दोन वेगळे मुलूख असतात. एवढ्याशा परिसरात इतक्या वेगळ्या जाती का सापडतात, त्यामागचे हे एक मोठे कारण आहे.

पावसात व्हाळ एवढा फोफावतो, तरी हे किडे वाहून कसे जात नाहीत?

व्हाळाचे पाणी वरून सर्वत्र सारख्या वेगाने धावताना दिसते, पण दगडाला अगदी खेटून असलेला पाण्याचा पातळ थर जवळजवळ संथ असतो. या थरात मावेल एवढे चपटे शरीर असले की निम्मे काम झाले. मेफ्लाय नावाच्या नाजूक माशीची पिल्ले याच रीतीने जगतात. त्यांचे डोके ढालीसारखे पसरट असते, पाय बाजूला फाकलेले असतात आणि डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असतात. ही पिल्ले पाण्यात अनेक महिने काढतात, पण पंख फुटल्यावर त्यांचे आयुष्य काही तासांचे किंवा फार तर एक-दोन दिवसांचे उरते, आणि त्या अवस्थेत त्यांना खाता येईल असे तोंडही नसते. पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारे कीटक सबंध कीटकसृष्टीत फक्त हेच.

डोंगरी ओढ्यांत राहणाऱ्या काही माश्यांच्या अळ्यांना पोटाखाली एका ओळीत 6 चूषक असतात; धबधब्याच्या धारेखालच्या गुळगुळीत कातळावरही त्या एकेक चूषक सोडत, पुन्हा रोवत चालतात. काळ्या माशीची अळी वेगळी युक्ती वापरते. ती दगडावर रेशमाचा ठिपका चिकटवते, त्यात शेपटीकडचे आकडे रुतवते आणि डोक्यावरचे दोन पंखे उघडून वाहत्या पाण्यातले कण गाळून खाते. कॅडिसफ्लायच्या अळ्याही रेशीम काढतात. त्यांतल्या काही वाळूचे कण जोडून स्वतःभोवती नळी बांधतात आणि काही दगडांच्या फटीत जाळे लावून बसतात. हा कीटक पतंगांचा जवळचा नातलग आहे, आणि त्याचे रेशीम पाण्याखालीही चिकटते, याचे आश्चर्य मला अजून ओसरलेले नाही.

माशांनीही हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला आहे. सह्याद्रीच्या ओढ्यांत सर्वत्र दिसणाऱ्या गारा मुल्या या माशाच्या खालच्या ओठामागे एक मांसल चकती असते, तिच्या आधाराने तो दगडाला धरून राहतो. 1839 साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावे दिली तेव्हा त्यांनी मराठी लोकांच्या तोंडची नावेच लॅटिनमध्ये नेली. ‘मुल्या’, ‘मुरेह’, ‘खुदरी’ आणि ‘कोलुस’ ही नावे आज जगभरच्या ग्रंथांत त्याच रूपात आहेत. पुढे सुंदरलाल होरा यांनी भारतातल्या डोंगरी ओढ्यांतील जीवांच्या अशा अनुकूलनांचा सविस्तर अभ्यास केला आणि 1930 साली तो प्रसिद्ध केला. वेगवान पाण्यातले जीवन हा विषय त्यांनी ज्या बारकाईने पाहिला, ती बारकाई आजही अभ्यासकांना उपयोगी पडते.

दगड उलटून पाहिला तर काय बिघडते?

बरेच बिघडते, आणि म्हणून या प्रश्नाला सर्वांत मोठे उत्तर द्यावेसे वाटते. दगडाची वरची बाजू आणि खालची बाजू ही दोन वेगळी घरे असतात. वरच्या बाजूला ऊन लागते, तेथे शेवाळाचा निसरडा थर वाढतो आणि तो खरवडून खाणारे जीव रात्री तेथे येतात. खालच्या बाजूला अंधार असतो, प्रवाह मंद असतो, आणि तेथे कीटकांची अंडी, कोश, खेकड्यांची पिल्ले आणि लहान मासे असतात. दगड उलटा ठेवला की शेवाळ अंधारात मरते, अंडी उन्हात सुकतात, आणि कोशात अडकलेल्या जीवाला तर जागा बदलणेही शक्य नसते.

मी स्वतः पहिली दोन वर्षे व्हाळात उतरून दगड उचलत असे, खालचा जीव पाहत असे आणि दगड हाताला येईल तसा टाकून पुढे जात असे. एकदा त्याच जागी दुसऱ्या दिवशी परत गेलो, तेव्हा मी उलटा टाकलेल्या दगडावर कॅडिसफ्लायच्या कोशांची रांग वाळून कोळ झालेली होती. त्यानंतर मी ही सवय सोडली. आता दगड हलवायचाच असेल तर तो पाण्यातच थोडा कलता करतो, पाहतो, आणि त्याच खळग्यात, त्याच बाजूवर परत टेकवतो. एका वेळी एका व्हाळात असे तीन-चार दगड पाहिले तरी पुष्कळ कळते. अंडी दिसली तर तो दगड लगेच खाली ठेवावा. छायाचित्रासाठी दगडावर दगड रचून मनोरे करण्याची जी पद्धत अलीकडे दिसते, तिने तर एका मनोऱ्यामागे दहा-बारा घरे उठतात; ती पूर्णपणे थांबावी असे मला मनापासून वाटते.

जमिनीवरच्या पाचोळ्यालाही हेच लागू आहे. पडलेले ओंडके उलटून पाहताना ते आपल्या दिशेने उचलावेत, म्हणजे खाली साप किंवा विंचू असला तर त्याला समोरून निघून जायला वाट मिळते, आणि पाहून झाल्यावर ओंडका हळूच पूर्वीच्या ओल्या ठशात बसवावा.

व्हाळात गवत नाही, झाडे नाहीत. मग हे जीव खातात काय?

मुख्यतः वरच्या झाडांची पाने. जंगलातल्या व्हाळावर सावली दाट असते, त्यामुळे पाण्यात शेवाळ फारसे वाढत नाही आणि अन्न बाहेरून यावे लागते. अंजनीचे किंवा जांभळाचे पान पाण्यात पडते, दगडाला अडकते, काही दिवसांत त्यावर बुरशी आणि जिवाणू चढतात आणि ते मऊ पडते. मग खेकडे, झिंगे आणि काही कीटकांच्या अळ्या ते फाडून खातात. त्यांच्या तोंडून सुटलेला चुरा आणि विष्ठा खालच्या अंगाला राहणारे, गाळून खाणारे जीव पकडतात. त्यांना चतुर आणि टाचण्यांची पिल्ले खातात, आणि त्या पिल्लांना मासे. चतुराच्या पिल्लाचा खालचा ओठ घडीच्या हातासारखा असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो क्षणात पुढे फेकला जातो आणि टोकाच्या आकड्यांनी भक्ष्य तोंडाशी आणतो. पाण्याच्या पृष्ठभागावर लांब पायांनी सरकणाऱ्या निवळ्या मात्र खालच्या अन्नावर अवलंबून नसतात. वरून पाण्यात पडलेल्या माशी-मुंगीची थरथर त्या पायांनी ओळखतात आणि तिच्याकडे धावतात. काठची झाडे तोडली तर व्हाळाला ऊन लागते एवढेच होत नाही, त्याच्या ताटातले अन्नच जाते.

हिरण्यकेशीच्या देवळापाशी सापडलेला मासा कोणता?

तो मुरे गटातला, म्हणजे तळाशी दगडगोट्यांत राहणारा, बोटाहून लहान मासा आहे. 2020 साली त्याचे ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने वर्णन झाले. आंबोलीच्या हिरण्यकेशी देवस्थानाच्या कुंडात तो राहतो, आणि त्याच्या रक्षणासाठी 2021 साली राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. एका बोटभर माशासाठी असा निर्णय होणे ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

देवाच्या कुंडातले मासे मारायचे नाहीत ही आपल्याकडची रीत जुनी आहे. महाडजवळच्या वाळण कोंडीत वरदायिनीच्या नावाने खुदरी मासे असेच राखले गेले आहेत. कायद्याने घातलेली मर्यादा आणि लोकांनी पाळलेली मर्यादा एकाच पाण्यावर आली की ते पाणी टिकण्याची शक्यता खूप वाढते. मात्र कुंडात निर्माल्य, तेल, साबण आणि प्रसादाचे उरलेले अन्न जाऊ देऊ नये; झऱ्याच्या स्वच्छ, थंड आणि भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्याची सवय असलेला मासा अशा पाण्यात तग धरत नाही.

चढणीचे मासे पकडणे योग्य आहे का?

पहिल्या मोठ्या पावसात अनेक मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट दिशेने व्हाळात आणि भातशेतात चढतात. त्यांना पकडणे हा कोकणातल्या घराघरांतला आनंदाचा भाग आहे आणि त्यावर सरसकट आक्षेप घ्यावा असे मला वाटत नाही. पूर्वी व्हाळाचा काही भाग मोकळा सोडून मासे धरले जात, त्यामुळे पुष्कळसे वर पोहोचत. आता बारीक आसाच्या नायलॉन जाळ्याने व्हाळ या काठापासून त्या काठापर्यंत अडवला जातो, आणि कुठे कुठे ब्लीचिंग पावडर किंवा कीटकनाशक टाकले जाते. विष टाकल्यावर खाण्याजोगे मासे चार मिळतात, पण त्या खालच्या सगळ्या पाण्यातले किडे, झिंगे, खेकड्यांची पिल्ले आणि बेडूकमासे मरतात, आणि तेच पाणी पुढे गुरे आणि माणसे पितात. पोटात अंडी असलेली मासळी सोडून देणे आणि व्हाळ पूर्ण न अडवणे एवढे पाळले तरी पुढच्या वर्षीची चढण शाबूत राहते.

जांभळे, नारिंगी खेकडे खरोखर असतात का?

असतात. आपण खातो तो काळपट मुठा ही गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची एक जात झाली. सह्याद्रीत त्याशिवाय कितीतरी जाती आहेत, आणि त्यांतल्या अनेकांची शास्त्रीय ओळख गेल्या काही वर्षांतच झाली. घाटांच्या नावावरून ‘घाटियाना’ हा गण, म्हणजे जवळच्या जातींचा गट, 2014 साली स्थापन झाला. 2016 साली महाराष्ट्राच्या सह्याद्रीतून एकाच वेळी 5 नव्या जातींचे वर्णन झाले. त्यांत मार्लेश्वरचे नाव मिळालेली एक जात आहे आणि ‘घाटियाना स्प्लेंडिडा’ ही देखणी जातही आहे. हे खेकडे कातळाच्या भोकांत आणि जांभ्याच्या फटींत राहतात व पाऊस लागला की बाहेर येतात.

समुद्री खेकड्यांची अंडी फुटून पाण्यात तरंगणाऱ्या अळ्या निघतात आणि प्रवाह त्यांना दूरवर नेतो. गोड्या पाण्यातल्या या खेकड्यांमध्ये तसे होत नाही. मादी थोडी पण मोठी अंडी पोटाखालच्या झडपेत धरते, त्यांतून थेट चिमुकले खेकडेच बाहेर येतात आणि काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. पिल्ले दूर जातच नसल्यामुळे एका डोंगरावरचा खेकडा शेजारच्या डोंगरावर पोहोचत नाही आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथेच वेगळा होत जातो. म्हणूनच एका कड्यावरचा रस्ता रुंद केला किंवा एक सडा खाणीसाठी खोदला तर त्यात सबंध जातीचा मोठा हिस्सा जाऊ शकतो. जून-जुलैत पोटाखाली पिल्ले असलेली मादी हाती आली तर ती सोडून द्यावी.

खेकडा कच्चा किंवा अर्धवट भाजून खाल्ला तर चालतो का?

अजिबात नाही. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या शरीरात फुप्फुसात घर करणारा एक चपटा कृमी असू शकतो. त्याच्यामुळे होणारा आजार क्षयासारखा दिसतो, खोकल्यातून रक्त पडते, आणि ईशान्य भारतात तो चांगला परिचित आहे. खेकडा पूर्ण शिजवला की हा धोका राहत नाही.

बेडकाची पिल्ले पाण्यातच वाढतात ना?

शाळेत शिकलेले अंडी, बेडूकमासा आणि बेडूक हे चक्र खरे आहे, पण सह्याद्रीतल्या बेडकांनी त्यात इतके फेरफार केले आहेत की पावसाळ्यातली एक रात्र ते पाहण्यास पुरत नाही. व्हाळात पाणी भरपूर असले तरी त्यात मासे, चतुराची पिल्ले, खेकडे आणि अचानक येणारे लोंढे असतात. अंडी पाण्याबाहेर ठेवण्याची ओढ बहुधा त्यामुळेच.

मलबारी उडत्या बेडकाची जोडी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर बसते आणि मागच्या पायांनी स्राव घुसळून त्याचा पांढरा फेस करते. अंडी त्या फेसात असतात. बाहेरून फेस कोरडा होतो, आत ओल टिकते, आणि अंडी फुटल्यावर बेडूकमासे खालच्या डबक्यात टपटप पडतात. हिरवागार, तळहाताएवढा हा बेडूक बोटांमधले लाल-नारिंगी पडदे पसरून फांदीवरून खाली तरंगत येतो तेव्हा पाहणारा बोलणे विसरतो.

झुडपी बेडकांनी तर बेडूकमाशाची अवस्था उघड्यावर ठेवलेलीच नाही. बॉम्बे झुडपी बेडूक आणि आंबोली झुडपी बेडूक यांच्या अंड्यातून थेट नखाएवढे पूर्ण बेडूक बाहेर पडतात. शेपटीचा सगळा काळ अंड्याच्या आतच संपतो. त्यांना डबके लागत नाही, पण हवेत आणि पानांत सतत ओल लागते, आणि म्हणून धुके हटले, सावली उडाली की सर्वांत आधी हेच अडचणीत येतात. रात्री झुडपांतून येणारा टिक्-टिक् आवाज बहुधा त्यांचाच असतो.

इंडिराना गणातल्या बेडकांची पिल्ले पाण्याच्या तळाशी राहत नाहीत, ती पाझरणाऱ्या उभ्या कातळावर राहतात. पाण्याची नुसती फिल्म असलेल्या दगडावर ती शेवाळ खरवडत फिरतात, त्यांचे मागचे पाय लवकर वाढतात आणि धक्का लागला तर शेपटीच्या झटक्याने उडी मारतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो एखादा किडा वाटतो. घाटरस्त्याच्या कडेच्या ओल्या भिंतींवर हे दृश्य सहज दिसते.

थोडे उत्तरेला, कोयना-महाबळेश्वरच्या बाजूला, हुमायूनचा रातबेडूक राहतो. बहुतेक बेडकांमध्ये नर मादीला मिठी मारून राहतो आणि अंडी बाहेर येत असताना ती फलित होतात. या जातीत नर मादीवर फक्त बसतो, हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, शुक्रजल तिच्या पाठीवर सोडतो आणि निघून जातो. मादी त्यानंतर अंडी घालते. हुंबर्ली परिसरात रात्री जागून केलेल्या निरीक्षणांतून ही रीत 2016 साली जगापुढे आली. या जातीची मादीही आवाज देते, हे आणखी एक वेगळेपण.

आंबोली भेक म्हणजे काय?

खरखरीत कातडीच्या, आखूड उड्या मारणाऱ्या बेडकांना भेक किंवा टोड म्हणतात. आंबोली भेक हा त्यांतला लहानसा, अंगावर पिवळसर पट्टे असलेला प्राणी असून ‘झँथोफ्राइन टायगेरिना’ या नावाने त्याचे वर्णन 2009 साली झाले. त्याच्या गणातला एकुलता एक नातलग कोयनेत आहे. आंबोली भेकाचा ज्ञात प्रदेश इतका छोटा आहे की त्याची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत होते. जांभ्या सड्यावरच्या उथळ डबक्यांत त्याची पैदास होते. ही डबकी बोटभर खोल असतात, त्यांतून गाडीचे एक चाक गेले तरी शेकडो पिल्ले चिरडतात. पहिल्या पावसात हे भेक रात्री रस्त्यावरही येतात. त्या दिवसांत घाटमाथ्यावर रात्री गाडी हळू चालवावी आणि सड्यावर गाडी मुळीच नेऊ नये.

दोन तोंडांचे गांडूळ सापडले. ते साप होते का?

ते बहुधा देवगांडूळ असावे. देवगांडूळ हा गांडूळही नाही आणि सापही नाही, तो बेडकांच्या वर्गातला, पाय नसलेला उभयचर आहे. त्याच्या अंगावर वळ्या असल्यामुळे तो गांडुळासारखा दिसतो, पण जबडा, दात आणि पाठीचा कणा असल्यामुळे नीट पाहिले की फरक कळतो. अंग ओले आणि निसरडे असते, खवले दिसत नाहीत, डोळे जवळजवळ दिसत नाहीत, आणि डोळा व नाकपुडी यांच्या मध्ये एक बारीक स्पर्शिका असते. मातीतल्या वासाचा माग तो तिने काढतो. शेपटीकडचे टोकही डोक्यासारखेच बोथट असल्यामुळे दोन तोंडांचा समज झाला असावा.

आंबोलीतून 2003 साली ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ ही जात नोंदली गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे ज्येष्ठ अभ्यासक जे. सी. डॅनिएल यांचे नाव तिला दिले आहे. गोवा आणि म्हादई खोरे यांची नावे असलेल्या दोन जाती 2007 साली आल्या. या गणातल्या काही जातींच्या माद्या मातीच्या पोकळीत अंड्यांभोवती वेटोळे घालून बसतात. शेतात नांगर किंवा कुदळ लागून वर आलेले देवगांडूळ साप समजून ठेचले जाते, हे फार वाईट वाटते. ते माणसाला अपाय करत नाही आणि माती भुसभुशीत ठेवते. ओल्या पाचोळ्याखाली सरकवून द्यावे, हाताला मीठ, तंबाखू किंवा साबण लागलेला असेल तर हाताने उचलू नये. कधीकधी याच जागी खापरखवल्या नावाचा साप सापडतो. त्याच्या अंगाला गुळगुळीत खवले आणि शेपटीला कापल्यासारखे खडबडीत टोक असते. तोही बिनविषारी आहे आणि गांडुळांवर जगतो.

धबधब्याच्या कातळावर शंख कसे आले?

हा प्रश्न आंबोलीपेक्षा खंडाळा-महाबळेश्वरच्या बाजूचा आहे, पण विचारला जातो म्हणून येथे घेतो. ‘क्रेम्नोकॉन्कस’ नावाच्या या चिमुकल्या गोगलगायी ज्या कुळातल्या आहेत ते कुळ समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवरचे आहे, आणि त्या कुळातला गोड्या पाण्यात राहणारा हा एकमेव गण आहे. ब्लॅनफर्ड यांनी 1863 साली सह्याद्रीचे नाव देऊन त्यातल्या एका जातीचे वर्णन केले. 2013 साली झालेल्या अभ्यासात कर्नाटकाच्या घाटांतल्या नव्या जाती मिळून या गणातल्या जाती 9 झाल्या. समुद्रकिनारी त्यांचे नातलग लाटांच्या तुषारांत जगतात आणि हे धबधब्याच्या तुषारांत.

वाणी, गोम आणि विंचू यांतले धोकादायक कोण?

वाणी, म्हणजे हात लावताच पैशासारखे वेटोळे करणारा किडा, चावत नाही. त्याला प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या असतात, तो कुजका पाला खातो आणि संकटात उग्र वासाचा स्राव सोडतो. तो स्राव डोळ्यात गेल्यास चुरचुरतो, म्हणून हात धुवावेत. गोमेला प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी असते, ती शिकार करते आणि तिचा चावा वेदनादायक असतो. विंचवापासून दूर राहावे, आणि जंगलात बूट घालण्यापूर्वी झटकून घ्यावेत.

जळू चिकटली तर काय करावे?

घाबरू नये आणि ओढू नये. जमिनीवरची जळू पानांच्या टोकावर उभी राहून श्वासाचा, उबेचा आणि पावलांच्या कंपाचा माग घेते. तिच्या बारीक टोकाला तोंड असते. त्या टोकाशी नख किंवा कागदाची कड कातडीला लावून आडवी सरकवली की ती सुटते. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा घटक असल्यामुळे जखम बराच वेळ पाझरते, तरी तिला स्वच्छ पाण्याने धुऊन दाबून धरणे पुरते. मीठ, चुना किंवा तंबाखू लावण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तेच मीठ पाचोळ्यात आणि व्हाळात पडते आणि बेडूक व देवगांडूळ यांच्या ओल्या कातडीला पोळते. नखाने काम होत असताना मीठ कशाला, असे माझे स्पष्ट मत आहे.

पावसाळा संपल्यावर हे सगळे जीव कुठे जातात?

बहुतेक तेथेच असतात, फक्त खाली गेलेले असतात. खेकडे बिळात खोल शिरतात, देवगांडुळे ओलीच्या मागे मातीत उतरतात, गोगलगायी शंखाचे तोंड पातळ पडद्याने बंद करून पडून राहतात, आणि बेडूक दगडांच्या फटींत किंवा झाडांच्या ढोलीत दिवस काढतात. व्हाळ तुटत तुटत कोंडी, म्हणजे खोलगट डोह, उरतात, त्यांत मासे आणि झिंगे दाटीने राहतात. म्हणून एप्रिल-मेमधली एक कोंड पंपाने उपसली तर त्या सबंध व्हाळाचे पुढच्या वर्षीचे बियाणे उपसले जाते. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा ओढा मेलेला समजून त्यात राडारोडा टाकू नये.

या जीवांना घरी मत्स्यालयात ठेवता येईल का?

ठेवू नये. वाहत्या, थंड पाण्याची सवय असलेला मासा स्थिर पाण्यात गुदमरतो, आणि वनक्षेत्रातून प्राणी उचलण्यास कायद्याने मनाई आहे. याहून वाईट म्हणजे नको झालेले मत्स्यालयातले मासे व्हाळात सोडणे. परके गप्पी मासेसुद्धा बेडकांची अंडी-पिल्ले खातात.

एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना बूट धुवायला का सांगतात?

काइट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीवर वाढते, आणि बेडूक कातडीतूनच पाणी व क्षार घेत असल्यामुळे ती त्यांना मारू शकते. जगभरात या बुरशीमुळे निदान 501 उभयचर जातींची संख्या घटली आणि त्यांपैकी 90 जाती नामशेष झाल्या असाव्यात, असा 2019 सालचा निष्कर्ष आहे. सह्याद्रीतल्या बेडकांवरही ही बुरशी आढळली आहे. चिखलातून ती दुसरीकडे जाऊ शकते, म्हणून बूट व जाळी घासून धुवावीत आणि उन्हात खडखडीत वाळवावीत. बेडूक हाताळू नये, आणि छायाचित्रासाठी त्याला उचलून सोयीच्या पानावर बसवू नये.

दोनच तास हाताशी असतील तर काय पाहावे?

फिरू नये. जून अखेर किंवा जुलैत, संध्याकाळी सात वाजता, जेथे व्हाळ जंगलातून बाहेर पडतो आणि काठी पाझरता कातळ आहे अशा एका जागी बसावे. विजेरी मंद असावी, तिच्यावर लाल कागद लावला तर आणखी चांगले. पहिली वीस मिनिटे फक्त ऐकावे. मग कातळाच्या ओल्या भागावर उजेड टाकावा, तेथे शेपटीची पिल्ले दिसतील. पायाजवळच्या भोकात खेकड्याचे नांगे दिसतील. पाण्यावर झुकलेल्या फांदीच्या टोकाला पांढरा फेस असेल तर त्याच्या खाली पाण्यात पाहावे. एखादा बेडूकमासा पडला की पाण्यावर लहानसे वर्तुळ उमटते आणि काठाच्या निवळ्या क्षणभर त्या दिशेने वळतात.